सोळा आण्यांतले दोन

मगरिबची नमाज झाली की दादा, माझे आजोबा, पानाचा डबा माझ्या हातात द्यायचे. पितळेचा डबा, झाकणावरचा मोर घासून घासून पुसट झालेला. आत चुन्याची डबी, कात, सुपारी, लवंगा आणि कडेला खोचलेला अडकित्ता. "जा, रखके आ," एवढंच म्हणायचे. कुठे ठेवायचा ते सांगावं लागत नसे. काल दादीच्या खोलीत ठेवला असेल तर आज छोटी दादीच्या. ज्या खोलीत डबा, त्या खोलीत दादांचा मुक्काम.

मी सात-आठ वर्षांची असेन. घरातल्या सगळ्या नातवंडांत हे काम माझ्याकडे आहे याचा मला केवढा अभिमान होता. दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून अंगण ओलांडायचं, उंबऱ्याला अडखळायचं नाही आणि उशाशी तो नीट ठेवून यायचं. परत येताना चुलीपुढे बसलेली दादी मान वर न करता विचारायची, "डब्बा किदर गया आज?"

"उदर," मी छोटी दादीच्या खोलीकडे बोट दाखवायची.

"हौ," म्हणून दादी चुलीतलं लाकूड आत सारायची.

रोज हा एकच प्रश्न. दिवस मोजायला तिला माझी गरज नव्हती, पाळी तिला पाठच होती. तरी ती विचारायची. का विचारायची, हे माझ्या मनात आलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि सांगायला दादी उरली नव्हती.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मुसलमानांची पंचवीस-तीस घरं. मुलाणी, तांबोळी, शिकलगार, दोन-चार पिंजारी. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. दादांनी दुसरा निकाह केला तो १९४८ च्या सुमाराला. त्यांचा चुलतभाऊ पटकीने गेला. मागे बायको राहिली, एकोणीस-वीस वर्षांची. पदरात मूल नाही, माहेरी आईबाप नाहीत. भावकीतले चार जण बसले आणि दादांनी तिच्याशी निकाह लावावा असं ठरलं. दादीला ते सांगितलं गेलं. तिच्या पदरात तेव्हा तीन मुलं होती, दोन मुलगे नि एक मुलगी. थोरले माझे अब्बा, वय वर्षं अकरा.

बेवा बाईला आसरा दिला, पुण्याचं काम केलं, असं गाव आजही म्हणतं आणि ते खोटं नाही. दादांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्या पोरीचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. बहुपत्नीत्वाच्या बाजूने जे काही भलं बोलता येईल, ते सगळं आमच्या घराला लागू पडतं. दादा वासनेपायी दुसरी घेऊन आले नव्हते. त्यांनी पहिलीला टाकलं नाही, मारहाण केली नाही, उपाशी ठेवलं नाही. म्हणूनच मी दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल न लिहिता आमच्याच घराबद्दल लिहिते आहे. इतक्या सचोटीने केलेल्या दुसऱ्या निकाहाची झळ आमच्या घराला तीन पिढ्या लागत राहिली.

दादा न्यायाला फार जपायचे. रात्रीची पाळी कधी चुकवली नाही. बाजारातून गूळ आणला तर तराजू काढून दोन ढेकळं सारखी तोलायचे. आणि दर ईदला दोघींना लुगडी आणायचे, अगदी एकासारखं एक. एकच रंग, एकच काठ, एकाच गठ्ठ्यातली. एकीला हिरवं आणि दुसरीला जांभळं आणलं तर न्यायात फरक पडेल, अशी त्यांना धास्ती होती. ईदच्या सकाळी गावातल्या बायका शिरखुर्मा खायला यायच्या. दोन सवती एकसारख्या लुगड्यात उभ्या राहिल्या असत्या तर तो तमाशाच झाला असता. छोटी दादी नवं लुगडं नेसायची. दादी गेल्या वर्षीचं धुऊन नेसायची.

१९८३ साली दादी गेली. तिची ट्रंक फुफीने, म्हणजे माझ्या आत्याने, आणि मी उघडली. तळाशी अकरा लुगडी होती. घडी न मोडलेली, काहींना दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. फुफी ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली आणि मग म्हणाली, "अब्बा कित्ता बराबर बाटते थे ना."

कुराणात चार बायकांची परवानगी कुठे आहे, हे वाक्य ज्यांना तोंडपाठ असतं त्यांना त्याच्या मागचं-पुढचं क्वचितच माहीत असतं. सूरह निसाची, म्हणजे कुराणाच्या चौथ्या अध्यायाची, ती तिसरी आयत. मदिनेजवळची उहुदची लढाई इ. स. ६२५ मधली. त्या छोट्याशा वस्तीतले सत्तरएक मुसलमान एका दिवसात मारले गेले. मागे विधवा राहिल्या, पोरकी मुलं राहिली आणि त्या मुलांच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारे पालकही राहिले. त्या काळाच्या संदर्भात ही आयत वाचावी असं अनेक अभ्यासक सांगतात. आयतीची सुरुवात पोरक्या मुलींशी न्यायाने वागण्यापासून होते. मग दोन, तीन, चारचा उल्लेख येतो, आणि लगोलग अट येते: न्याय करता येणार नाही अशी भीती वाटत असेल तर एकच. त्याआधी अरबस्तानात संख्येला धरबंध नव्हता, तिथे ही मर्यादा आली. याच सूरहमधली १२९ वी आयत तर पुरुषांना तोंडावर सांगते की कितीही मनात आणलंत तरी बायकांमध्ये सारखेपणा राखणं तुम्हाला जमणार नाही. निदान एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला लटकती ठेवू नका.

लटकती. अरबीत तिथे 'मुअल्लका' असा शब्द आहे. ना धड नवऱ्याची, ना धड मोकळी. त्या शब्दापाशी मी दर वेळी थांबते.

हदीसही आहे, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, बुखारीच्या संग्रहातली. हजरत अलींच्या मनात अबू जहलच्या मुलीशी निकाह करण्याचं होतं. पैगंबरसाहेबांची लेक फातिमा त्यांच्या घरात होती. पैगंबरसाहेब मिंबरवर उभे राहिले आणि मी याला परवानगी देत नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. फातिमा माझाच एक तुकडा आहे, तिला जे दुखवतं ते मला दुखवतं. याचे अर्थ लावण्यात आलिमांचे मतभेद आहेत, मला ते माहीत आहेत. पण एका बापाला लेकीच्या घरात येणारी सवत काय असते ते उमगलं होतं, एवढं तर या हदीसेत स्वच्छ दिसतं. आमच्या दादीच्या बापाला ही हदीस कुणी ऐकवली असेल, असं मला वाटत नाही.

मी तलाठी होते. तीस वर्षं सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांच्यात गेली. माणूस गेला की घरात रडारड होते, आणि तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज सज्जावर येतो. वारसांची नावं आधी नमुना सहा-क मध्ये, मग फेरफार, मग नोटीस, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्या रजिस्टरात मयताशी नातं लिहायचं असतं. मुसलमान मयताला दोन बायका असल्या तर दोघींच्या नावापुढे 'पत्नी' असंच लिहायचं. पहिली कोण, दुसरी कोण, कुणी किती सोसलं, कुणी कुणाचं बाळंतपण केलं, याला रकाना नाही.

नोंदीत नावं लागतात, हिस्सा ठरतो तो वाटपात. शरियतीप्रमाणे मूलबाळ असलेल्या नवऱ्याच्या इस्टेटीत बायकोचा वाटा एक अष्टमांश. आमच्याकडे अजून आण्यांत बोलतात: सोळा आण्यांतले दोन. बायका दोन असल्या तर दोघींत मिळून ते दोनच आणे. चार असल्या तर अर्धा अर्धा आणा. उरलेलं मुलांत वाटलं जातं, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. सवत आली की मुलांच्या चौदा आण्यांत वाटेकरी वाढतात, पण बायकोचा वाटा जागच्या जागी निम्मा होतो.

दादा १९७६ मध्ये वारले. जमीन आठ एकर. मौलानांनी हिशेब सांगितला आणि तो इतका चोख बसला की लहानपणी ऐकलेला अजून माझ्या लक्षात आहे. पुढे झालेला धाकटा धरून तिन्ही मुलग्यांना चार चार आणे, म्हणजे दोन दोन एकर. फुफीला दोन आणे, एक एकर. राहिले दोन आणे. दादीला एक, छोटी दादीला एक. वीस गुंठे, वीस गुंठे. फुफीने पुढे आपल्या एकरावर हक्कसोड करून दिली, भावांकडे येणं-जाणं राहावं म्हणून. जातधर्म कुठलाही असो, आमच्या भागातल्या बहिणी हेच करतात आणि त्यावर कुणी फारसं बोलतही नाही.

चाळीस वर्षं जिने त्या घरातल्या भाकऱ्या थापल्या तिला वीस गुंठे. दुसरीलाही वीसच. दादांचा न्याय मेल्यावरही बरोबर वाटला गेला.

इथे मला दुसरीही बाजू मांडायला हवी, कारण सज्जावर बसून मी तीही पाहिली आहे. दोन बायका फक्त मुसलमानांच्याच घरात असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या तलाठ्याशी बोलून पाहावं. मूल होत नाही म्हणून, मुलगा होत नाही म्हणून, कधी कधी पहिलीचीच धाकटी बहीण घरात आणलेली हिंदू घरं माझ्या सज्जात होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते दुसरं लग्न लग्नच नव्हे. मुलांना बापाच्या मालमत्तेत वाटा मिळतो, ती औरस धरली जातात. पण त्यांची आई? तिचं नाव कुठेच लागत नाही. एक बाई मयताच्या दहाव्यानंतर आल्या होत्या, तीस वर्षं संसार केलेल्या, कपाळ नुकतंच पुसलेलं. "बाई, माझं नाव कुठल्या वळीत लागंल?" म्हणाल्या. मी रजिस्टर उघडून बसले होते. त्यांच्यासाठी ओळ नव्हती. आमच्या छोटी दादीला निदान एक आणा होता. त्या बाईंना तोही नव्हता.

आकड्यांचंही तसंच. १९६१ च्या जनगणनेत बहुपत्नीत्वाचं प्रमाण मुसलमानांत ५.७ टक्के होतं आणि हिंदूंत ५.८. त्याहून अधिक ते बौद्धांत, जैनांत आणि सगळ्यांत जास्त आदिवासींमध्ये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुसलमान स्त्रियांमध्ये १.९ टक्के आणि हिंदूंमध्ये १.३. म्हणजे प्रथा सगळीकडेच ओसरते आहे आणि फरक दशांशाचा आहे. चार बायका आणि पंचवीस मुलं असल्या घोषणा देणाऱ्यांना हे आकडे ऐकायचे नसतात. आणि आमच्यातले काही जण हेच आकडे तोंडावर फेकून विषय मिटवतात. शंभरात दोन घरंसुद्धा नाहीत, मग एवढा गवगवा कशाला?

ते हे म्हणतात तेव्हा मला माझी आई आठवते. कारण ती उरलेल्या अठ्ठ्याण्णव घरांतली.

अब्बांनी दुसरा निकाह केला नाही. पाहणीवाले आमच्या घरी आले असते तर त्यांनी 'एक' लिहिलं असतं आणि ते पुढच्या घरी गेले असते. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. तिसरीच्या वेळी सुईण बाहेर येऊन काही न बोलता हात धुवायला बसली, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यानंतर कधीतरी भांडणात अब्बा बोलून गेले, "दुसरी लाऊंगा." वाक्य एवढंच. मग ते शेतावर निघून गेले. अम्मी मूग वाळत घालत होती. तिने चादर उचलली, सगळे मूग झटकून पुन्हा पोत्यात भरले, ऊन अजून बाकी असताना.

अब्बा वाईट नव्हते. मला त्यांनी साताऱ्याला कॉलेजात घातलं, भावकीचं बोलणं खाल्लं, तलाठ्याची परीक्षा द्यायला स्वतः घेऊन आले. आयुष्याच्या शेवटी शेवटी, २००५ मध्ये असेल, मी त्यांना एकदा विचारलं की तुम्ही अम्मीला असं का म्हणायचात. ते खरोखरच गोंधळले. "मैं? मैं ऐसा कबी बोला?" त्यांना आठवतच नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते.

अम्मी आतून म्हणाली, "सात बार."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात सात वेळा. आणि मग तिने एकेक सांगितलं. मूग वाळवत होते तेव्हा. धाकटीच्या कान टोचण्याच्या दिवशी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या आदल्या रात्री. तुझ्या कॉलेजची फी भरायची होती तेव्हा. तिने सालं नाही सांगितली, पण प्रत्येक वेळी घरात काय शिजत होतं, कोण पाहुणं आलं होतं, सगळं सांगितलं. अब्बा ऐकत होते. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्या सात वेळांनी काय केलं, हे मला माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात कळायला लागलं. अम्मीने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. भांडण वाढतंय असं दिसलं की ती मध्येच शब्द गिळायची, पुढच्या वाक्याला काय उत्तर येईल याची तिला धास्ती असायची. ज्वारीच्या कणगीत चिंधीत बांधलेले पैसे होते, ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. तिच्या सासूच्या खोलीतून तिच्या सवतसासूच्या खोलीत जाणारा डबा तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिला होता. दादांनी केलं ते अब्बा करू शकत होते, करायची परवानगी होती, आणि ती परवानगी आढ्याला टांगलेल्या वस्तूसारखी आमच्या घरात कायम होती. अम्मीला सवत आली नाही. तरी ती लटकती राहिली.

कुठल्या पाहणीत याचा रकाना असतो?

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान बायका कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. मोर्चा काढला होता हमीद दलवाईंनी आणि त्या सातांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. मिरजोळीचा, चिपळूणजवळचा, मराठीत लिहिणारा तो माणूस. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० ला, पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं आणि १९७७ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीलाही न पोचता, ते गेले. मी तीन वर्षांची असताना निघालेल्या त्या मोर्च्याबद्दल मला कॉलेजात कळलं. त्या सात जणी रस्त्याने चालत होत्या तेव्हा अम्मी मूग वाळवत असेल, हे मनात आलं आणि मला वर्गात बसवेना.

त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात येऊन गेला होता. हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा होता. नरसू अप्पा माळी खटल्यात वाद असा की मुसलमानांना मुभा आणि हिंदूंनाच बंदी, हा भेदभाव आहे. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो मानला नाही. सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली तर चालेल, असं ते म्हणाले आणि व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासायचा नाही, असंही म्हणाले. निकाल वाचला तेव्हा मला त्या 'टप्प्याटप्प्याने'चं वाईट वाटलं. पहिला टप्पा हिंदू बायकांचा झाला. दुसऱ्याची वाट आम्ही तेव्हापासून बघतो आहोत. २०१६ मध्ये शायरा बानो सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांच्या अर्जात तीन तलाक होता, हलाला होता, बहुपत्नीत्वही होतं. २२ ऑगस्ट २०१७ चा निकाल फक्त तीन तलाकवर आला.

इतर देशांनी काय केलं, ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. तुर्कस्तानने १९२६ मध्ये बंदी घातली. ट्युनिशियाने १९५६ मध्ये घातली, आणि तिथे न्यायाच्या त्याच दोन आयतींचा आधार दिला गेला. पाकिस्तानात १९६१ पासून लवाद मंडळाची परवानगी लागते. गोवा तर आपल्या शेजारी. तिथे पोर्तुगीजांच्या काळातला नागरी कायदा चालतो, शरियत कायदा तिथे लागूच केलेला नाही. गोव्याच्या मुसलमानाला दुसरी बायको करता येत नाही. उलट तिथल्या हिंदू पुरुषाला मूल नसेल तर ठरावीक अटींवर दुसऱ्या लग्नाची सवलत १८८० च्या फर्मानात ठेवलेली आहे.

माझी मधली बहीण फोंड्याला दिली आहे. एकदा तिच्याकडे गेले असताना सवयीने मी त्यांच्या जागेचा एक-चौदाचा उतारा पाहिला, तिथला तो सातबारा. नवऱ्याच्या नावाखाली हिचंही नाव होतं. मी विचारलं, ही जागा तुम्ही दोघांनी मिळून घेतली का? ती म्हणाली, नाही गं, इथे लग्न झालं की निम्मं बायकोचं असतंच. आठ आणे. नवरा जिवंत असताना. एकाच आईच्या पोटच्या दोघी मुली, आंबोलीचा घाट उतरला की एकीचे दोन आणे आणि दुसरीचे आठ. तिच्या घरात भांडणं होतात, नवरा तापट आहे. पण ती पूर्ण भांडते. आपलं म्हणणं शेवटपर्यंत बोलते. तिच्या घरात मला पहिल्यांदा जाणवलं की अम्मी तिची भांडणं अर्ध्यात सोडायची.

आपल्या महाराष्ट्रात बंदी नाही. पण वाटा अगदीच नव्हत्या असंही नाही, आणि माझी खरी तळमळ इथे आहे. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. एकाहून जास्त बायका असलेला नवरा कुराणाने सांगितल्याप्रमाणे समान वागवत नसेल, तर तेवढ्यावर बायकोला कोर्टातून तलाक मागता येतो. नवऱ्याने दुसरी केली म्हणून पहिली वेगळी राहिली तरी पोटगीचा हक्क जात नाही. १९६० साली अलाहाबाद उच्च न्यायालयात एका नवऱ्याने दुसरा निकाह करून पहिलीला नांदायला पाठवा असा दावा लावला होता. दुसरी आणणं ही पहिलीला क्रूरता नव्हती, हे आता नवऱ्यानेच दाखवून द्यावं, असं कोर्टाने त्याला सुनावलं आणि दावा फेटाळला. आणि निकाहनाम्यात अट घालता येते. निकाह हा करार आहे. नवऱ्याने दुसरा निकाह केला तर बायकोला स्वतःहून तलाक घेण्याचा अधिकार राहील, असं लिहून घेता येतं. तलाक-ए-तफवीज म्हणतात त्याला आणि फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, जुन्या किताबांत तो आहे. या सगळ्या गोष्टी अम्मीच्या निकाहाच्या आधी असलेल्या किंवा तिच्या संसाराच्या काळात झालेल्या. मौलाना दर जुम्म्याला बायकोने नवऱ्याची फर्माबरदारी कशी करावी ते सांगायचे. हे सांगितलं असतं तर?

कायद्याने बंदी यावी असं मला वाटतं. अगदी मनापासून वाटतं. ती आमच्या बायकांचं ऐकून यावी. मुसलमानांना धडा शिकवल्याच्या आनंदात ढोल वाजवत येऊ नये, असंही तितकंच वाटतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहा राज्यांतल्या ४,७१० मुसलमान बायकांना विचारलं तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक जणींनी बहुपत्नीत्व नको म्हणून सांगितलं. ज्यांच्यासाठी म्हणून ही प्रथा टिकवायची, त्या बायका नको म्हणताहेत.

माझ्या मुलीचा निकाह २०१४ मध्ये ठरला तेव्हा मी अट घालायची ठरवली. मुलाकडच्यांना आधीच सांगितलं. मुलगा लगेच हो म्हणाला. त्याचे वडील म्हणाले, आमच्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, मेहेर पण लिहितोच ना आपण. काझीसाहेबांनी दोन दिवस मागून घेतले, किताब पाहिली आणि म्हणाले की चालतं. त्यांनी स्वतःच्या हाताने उर्दूत लिहिलं, खाली मी मराठीत लिहिलं. दोन्ही गवाहांच्या सह्या झाल्या.

मंडपातून घरी आल्यावर अम्मीने मला तो कागद वाचून दाखवायला सांगितला. तिला कुराण वाचता यायचं, उर्दू नाही. मी मराठी वाचलं. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं.

"ये लिखा सकते थे?"

"हौ अम्मी. पैलेसे."

ती उठली आणि तिने आपली ट्रंक ओढली. कपड्यांच्या खाली, एका जुन्या उशीच्या अभ्र्यात तिचा निकाहनामा होता. १९५९ चा, घड्यांवर विरलेला. मी तो पलंगावर पसरला आणि एकेक रकाना तिला सांगत गेले. हे अब्बांचं नाव, हे तुझं. हे मेहेर, एकशे एक रुपये. हे वकील, हे गवाह. तुझ्या बाजूने मामूंचा अंगठा आहे.

"और ये?"

ते 'खास शरायत'चं, म्हणजे खास अटींचं, घर होतं. त्यात काही लिहिलेलं नव्हतं. काळ्या शाईची एक तिरकी रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मारलेली होती, फॉर्ममध्ये जागा मोकळी राहू नये म्हणून मारतात तशी. नोकरीत मी स्वतः अशा हजारो रेघा मारल्या आहेत.

अम्मीने चष्मा पुसून लावला, कागद उजेडाकडे धरला आणि त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं.

"ये लकीर कौन मारा?" तिने विचारलं.